तीन रात्री, एकटी

“तुम्हीच का हो त्या, रानात एकट्या राहिलेल्या?” असं विचारून काउंटरपलीकडची बाई नीरजाकडे नुसती बघत राहिली. जानेवारीतला गुरुवार होता, संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, दिवाळी अंक परत करणाऱ्यांची वर्दळ ओसरत आलेली, आणि नीरजाच्या हातात तारखेचा रबरी शिक्का होता. तो हवेतच राहिला. बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, खांद्याला डब्याची पिशवी, चपला दाराबाहेर काढून आत आलेली; वाचनालयात चपला काढून येणारं माणूस नीरजाने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. “मी कलावती. संचिताची आई. दिव्याहून येते बघा, तुमची पुस्तकं नेते, ती. मी इथंच मागच्या गल्लीत डॉक्टरांकडे कामाला आहे. बोलले, जाता जाता बघून यावं. पोरगी कुणाच्या भरवशावर चाललीय ते बघायला नको?” आणि तिने खरंच बघून घेतलं. स्थळ बघायला आल्यासारखं, घाई न करता, अंबाड्यापासून मनगटातल्या घड्याळापर्यंत. मग तिचा चेहरा सैल झाला. “बरं झालं आले. मला वाटलेलं कुणीतरी फाडफाड इंग्रजी बोलणारी असेल. तुम्ही तर आपल्यासारख्याच आहात की! जीव भांड्यात पडला बाई माझा. परवा निघतेय ती, शनिवारी सकाळी. येते मी, डबा लावायचाय.” एवढं बोलून ती गेलीसुद्धा. नीरजाने शिक्का मारला तो पुस्तकावर नाही, समोरच्या सभासदाच्या अंगठ्यावर. “अहो बाई, मला कधी परत करायचंय?” असं तो हसून म्हणाला, आणि नीरजाही हसली, पण तिची नजर दाराकडेच होती.

आता या नीरजाबाईंचं रान म्हणजे काय, तर उजव्या भिंतीचं, खिडकीजवळचं एक लोखंडी कपाट. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत तिने कमावलेली जहागीर म्हणजे तेवढीच. पंधरा वर्षांपूर्वी चरईतल्या एका निवृत्त इंजिनिअरच्या घरच्यांनी त्यांच्या माघारी चार खोकी पुस्तकं आणून टाकली होती, आणि ती सगळी एकाच वळणाची निघाली: नव्या मुलखात पहिल्यांदा वस्ती करणारी माणसं, बैलगाडीत संसार घालून निघालेली कुटुंबं, जमिनीत खड्डा खणून त्यात काढलेला पहिला हिवाळा, शिवाय जंगलात वाट चुकली तर काय करावं, ओल्या लाकडाने चूल कशी पेटवावी, पाणी कुठं शोधावं. वाचनालयाचे मालक म्हणाले, रद्दीत घाला. नीरजाने चाळायला म्हणून एक घरी नेलं आणि ती त्यात बुडालीच. दोन वर्षांत सगळी संपवली, मालकांच्या मागे लागून आणखी आणवली, आणि मग माणूस बघून पुस्तक द्यायचा नाद तिला लागला. मुरबाडला जमिनीचा तुकडा घेतलेल्या पेन्शनरांना ती सांगे, “हे न्या. पहिली चाळीस पानं सोडा, लेखकाला स्वतःच्या आजोबांचं फार कौतुक आहे. विहीर खणतात तिथून सुरू करा.” ट्रेकवाल्या पोरांना सांगे, “यातल्या गाठी करून बघा, पण यातलं कंदमुळांचं प्रकरण वाचू नका, तो मुलूख वेगळा, कंद वेगळे; नसती विषाची परीक्षा.” नवरा वारलेल्या एका बाईंना तिने बर्फात एकट्या अडकलेल्या बाईचं पुस्तक दिलं होतं आणि त्या बाई महिन्याने परत आल्या, तेव्हा दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या होत्या. ठाण्याच्या नौपाड्यात तिला ‘रानवाल्या बाई’ म्हणत. आणि गंमत बघा, या रानवाल्या बाईंना पालीची भीती. गॅस बंद केलाय का हे त्या तीनदा बघायच्या, माथेरानला गेल्या तर घोड्याच्या बाजूनेसुद्धा चालायच्या नाहीत. आयुष्यातली एकही रात्र छपराबाहेर काढलेली नाही. पण हे कुणी विचारलंच नव्हतं. पुस्तक वाचलंय का, एवढंच लोक विचारतात, आणि ते तिने वाचलेलं असे, अगदी शेवटच्या पानापर्यंत. तिचा त्या बाबतीत कटाक्ष होता.

विचारलं ते संचितानेच. तेवीस वर्षांची पोरगी, एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची, दर शनिवारी यायची आणि कपाटासमोर अशी उभी राहायची की वाटावं ही आता त्यात शिरणार. तिला पुस्तक देण्यात नीरजाला जी मजा यायची ती दुसऱ्या कुणाला देण्यात नाही. ती प्रश्न विचारायची. त्या बाईने तिसऱ्या रात्री दार का नाही उघडलं? मीठ संपल्यावर माणसाला नक्की काय होतं? तीन आठवड्यांपूर्वी अकरावं पुस्तक परत करताना ती एकदम म्हणाली, “मॅडम, हे सगळे बाहेरचे लोक झाले ना. गोरे, उंचेपुरे. तुम्ही राहिलायत कधी अशा?” आणि नीरजा म्हणाली, “हो. कॉलेजात असताना. तीन रात्री. एकटी.” कुठून आलं ते? जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. एक शब्द निघाला की दुसरा त्याचा हात धरून येतो. शहापूरच्या पुढे, ओढ्याच्या काठी. पहिल्या रात्री झोपच आली नाही. दुसऱ्या रात्री पाचोळ्यात काहीतरी चालत होतं, मी काठी धरून बसून राहिले. तिसऱ्या रात्री मात्र अशी झोपले, अशी झोपले! हे सांगताना नीरजाचा आवाज चढला होता, गाल तापले होते, आणि खरं सांगायचं तर एवढं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पोरगी ऐकत होती. शेवटी ती हळूच म्हणाली, “मला पण करायचंय. माझ्या मामाची जमीन आहे खडवलीला, नदीच्या वरच्या अंगाला. कुणी नसतं तिथं.” तेव्हा तरी हसून बोलून सांगून टाकायचं की नाही? पण नीरजा म्हणाली, “कर की! भीती वाटते ती पहिल्याच रात्री.” म्हणजे ज्या रात्रीची आपल्याला ओळखदेख नाही तिच्यावर बाईंनी खुशाल शिफारस ठोकून दिली.

कलावती येऊन गेली त्या रात्री डोंबिवलीला घरी आल्यावर तिने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरली. खडवलीची नदी तिला माहीत होती, म्हणजे बातम्यांतून माहीत होती. दर वर्षी तिथं सहलीला गेलेलं कुणी ना कुणी बुडाल्याचं वाचायला मिळे. आणि नदी तरी बरी. पोरगी एकटी, आणि गावात चार टोळभैरवांना कळलं की तिथं एकटी पोरगी राहतेय तर? साप चावला तर? काही बरंवाईट झालं तर ती आई उद्या त्याच काउंटरपाशी येऊन उभी राहील, चपला बाहेर काढून, आणि काही बोलणारसुद्धा नाही. नीरजाने सभासद-वहीतून लिहून आणलेला संचिताचा नंबर दोनदा फिरवला आणि रिंग जायच्या आत कापला. हे फोनवर सांगायचं काम नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं, आणि हेही बजावलं की ही पळवाट आहे. भात करपला होता. वरचा वरचा काढून ती जेवली. जेवताना तिला शहापूर आठवलं. म्हणजे शहापूरचं तिने सांगितलेलं सगळंच काही हवेतलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजचं शिबिर खरंच निघालं होतं, तंबूत राहायचं होतं, तिने नाव दिलं होतं, भावाची खाकी पिशवी मागून घेतली होती. पुढची सगळी वर्षं ती नव्या मैत्रिणींना सांगत आली की वडिलांनी, अण्णांनी, पाठवलं नाही, आमच्या घरी मेलं सगळ्यालाच ‘नाही’ म्हणायची पद्धत. बिचारे अण्णा! ते फक्त म्हणाले होते, “स्वेटर घेतलास का?” ती निघाली होती. कल्याणपर्यंत पोचली होती. कसाऱ्याच्या गाडीला दीड तास होता म्हणून बाकावर बसली, आणि मग ती गाडी आली, थांबली, डब्याच्या दारातून बाकीच्या मुली ‘नीरजा, अगं चल’ म्हणून ओरडल्या, आणि हिचे पाय उठले नाहीत. कुणी धरलं नव्हतं, अडवलं नव्हतं. बसून राहिली. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, शिबिर रद्द झालं. आई म्हणाली, बरं झालं, आणि तिच्या ताटात जास्तीची पोळी वाढली. ती पोळी तिला अजून आठवत होती, घडीची, कडा थोडी कच्ची. एवढ्या वर्षांत आपण आईशी, मैत्रिणींशी आणि आता या पोरीशी खोटं बोललो, तिन्ही वेळा त्याच रानाबद्दल, आणि तिन्ही वेळा कुणाला संशयसुद्धा आला नाही, याचं तिला आता हसू येईना आणि रडूही येईना.

शुक्रवारी सकाळी ती काउंटरला बसली खरी, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक गृहस्थ आले, शेतघर बांधायचंय म्हणाले, एखादं चांगलं सुचवा. तिने कपाट उघडलं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिला कुठलं पुस्तक द्यावं ते कळेना. पुस्तकांचे सगळे कणे तिच्याकडे बघत होते. ही जमीन नांगरणारी बाई, हा होडी उलटलेला माणूस, ही मुलाला पाठीशी बांधून जंगल ओलांडणारी. या सगळ्यांनी केलं होतं ते, आणि हिने नुसती त्यांच्यावर शिक्के मारून दिवस काढले. “तुम्ही सांगाल ते नेतो, बाई,” ते गृहस्थ म्हणाले. “माझं ऐकू नका हो!” असं ती इतक्या जोरात म्हणाली की वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. वाचनालय दुपारी बारा ते पाच बंद असतं. बाराला पाच कमी असतानाच तिने कुलूप लावलं, आणि रोज दिव्यावरून जाऊनही तिथं कधी न उतरलेली ती बाई दुपारच्या रिकाम्या गाडीने दिव्याला उतरली. पत्ता विचारत विचारत, टँकरपाशी लागलेल्या पिंपांच्या रांगेला वळसा घालून, तिसरा मजला चढून गेली. जिन्यात बाबासाहेबांची तसबीर होती, ताजा हार घातलेली, आणि प्रत्येक दारासमोर निळी पिंपं. वर येईपर्यंत तिने वाक्य पाठ केलं होतं. मी तुला एक सांगायला आले आहे. एवढंच. पुढचं पुढे.

दार संचितानेच उघडलं. ती चकित झाली, मग इतकी खूश झाली की नीरजाला तोंड लपवावंसं वाटलं. “मम्मी, मॅडम आल्यात! आमच्या घरी आल्यात!” खोली लहान, चटकन नजरेत मावणारी, आजी खाटेवर झोपलेली, दोन भाऊ शाळेत-कामावर गेलेले, वडील रात्रपाळीहून येऊन नुकतेच उठलेले. सहा माणसांची खोली. मधोमध सॅक उभी होती, भरलेली, वर ताडपत्रीची गुंडाळी बांधलेली, आणि ती गाठ नीरजाने ओळखली. पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम घातली होती, तीही बिनचूक. कलावतीने चहा टाकला. “अहो बसा ना, असं उभ्याने काय! आज सुट्टी घेतली मी, हिनेपण, तयारी करायला.” दौलत, संचिताचे वडील, भिंतीला टेकून मिश्कीलपणे बघत होते. “तुमची पुस्तकं मलापण वाचून दाखवते ही,” ते म्हणाले. “त्या लोकांचं वाचलं. नव्या जागी जातात, दगड काढतात, चिखलात घर उभं करतात. मी बोललो, यात पुस्तक काय लिहायचं? आम्ही इथं आलो तेव्हा गुडघाभर चिखल होता. मी नि हिची आई, दगडविटांचं डबर टाकून टाकून रस्ता केला. पाणी मुंब्र्याहून आणायचो, खांद्यावर. साप तर घरातच असायचे. आमच्यावर नाही कुणी लिहिलं!” आणि ते खदखदून हसले. कलावतीही हसली. संचिता हसली नाही. “पप्पा, तुम्ही नाइलाजाने केलंत,” ती म्हणाली. “दुसरीकडे कुठं घर मिळत नव्हतं म्हणून केलंत. मॅडमनी मनाने केलं. कुणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती, मनात आलं म्हणून गेल्या. मला ते पाहिजे. मी तेवीस वर्षांची झाले, मॅडम, पण एका खोलीत मी एकटी कधी झोपलेले नाही. एकदा पण नाही. मला बघायचंय, आजूबाजूला कुणी नसलं की मी कशी असते.” हे ती काही नाट्य करून म्हणाली नाही, रिपोर्टातले आकडे वाचावेत तसं म्हणाली. दौलतनी सॅककडे पाहिलं, मग म्हणाले, “जा बाबा, जा. तुझा मामा आहे गावात, हाक मारली तर येईल.”

आता न बोलता चहा पिऊन उठता आलं असतं. नीरजाच्या मनात ते आलं, अगदी स्पष्ट आलं. मामा गावात होता. पोरगी हुशार होती. शंभर पोरं डोंगरात राहून येतात, काही होत नाही. पण तिला काल रात्रीपासून ते दृश्य दिसत होतं, बाहेर काढलेल्या चपलांचं, आणि आतून काहीतरी इतकं ढुसण्या देत होतं की पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. “मी कधीच गेलेले नाही,” ती म्हणाली. कुणाला काही कळलं नाही. “म्हणजे?” कलावतीने विचारलं. “म्हणजे मी शहापूरला गेले नव्हते. तीन रात्री वगैरे काही नाही. मी एक रात्रसुद्धा बाहेर राहिलेली नाही, कधीच. मी खोटं बोलले संचिताशी. मला झुरळाचीही भीती वाटते हो. तुम्ही काल माझ्याकडे बघून निर्धास्त झालात, म्हणून आले सांगायला. माझ्या भरवशावर पाठवू नका तिला.” खाटेवरची आजी कूस बदलून पुन्हा झोपली. कलावतीने हातातला कप खाली ठेवला, मग पदराने हात पुसले, मग कोरडेच हात पुन्हा पुसले. नीरजाला वाटलं आता ती बोल लावेल, आणि लावावा, तीच माझी लायकी. पण कलावती उठली, नीरजासमोर आली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, “लई उपकार झाले बाई. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. एवढ्या लांब कोण येतंय सांगायला.” आणि वळून, आवाज न चढवता, “संचिता, पिशवी सोड. जायचं नाही.” दौलतनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. कलावतीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. “मी हिला कशावर ‘हो’ बोललेले? एक बाईमाणूस जाऊन आलंय म्हणून. कुणीच गेलेलं नाही तर माझीच पोरगी कशाला पहिली?”

संचिताने सॅकच्या गाठीला हातही लावला नाही, ती तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, “मी मॅडमना खाली सोडून येते.” जिना उतरताना ती पुढे होती, नीरजा कठड्याला धरून मागे. दुसऱ्या मजल्यावर नीरजा म्हणाली, “तू चिडली आहेस. चीड, चीड बाई, मी चुकलेच.” संचिता पुढे उतरतच राहिली. खाली टँकरभोवतीची गर्दी पांगलेली होती, सांडलेल्या पाण्यात पोरं पाय आपटत होती. नीरजाला राहवेना. “अगं, पण तुला तिथं काही झालं असतं म्हणजे? मी काय तोंड दाखवलं असतं तुझ्या आईला?”

संचिता थांबली. तिचे डोळे कोरडे होते. “तेच ना,” ती म्हणाली. “तुम्ही तुमच्या तोंडासाठी आलात.”

नीरजा काही बोलायला गेली, पण पोरीचं संपलं नव्हतं. ती रागावलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं. ती समजावून सांगत होती, जसं काउंटरवर नीरजा तिला समजावून सांगायची. “मला कळलेलं मॅडम, तुम्ही फेकताय ते. तिसऱ्या रात्रीचं सांगितलंत ना, तेव्हाच. पण मम्मीला नव्हतं कळलेलं. चार दिवस, फक्त चार दिवस गप्प बसला असतात ना, तर मी जाऊन आले असते. मग ते खोटं राहिलं नसतं. कुणीतरी केलेलं असतं.” एवढं बोलून ती वळली आणि जिना चढायला लागली, सावकाश, एका वेळी एकच पायरी. नीरजा बघत राहिली. हाक मारावी, वर जावं, त्या आईच्या पाया पडावं, म्हणावं की पाठवा हो तिला, माझं काही ऐकू नका. असं सगळं तिच्या मनात आलं आणि ती जागची हलली नाही. एक रिक्षा येऊन उभी राहिली. “स्टेशन?” रिक्षावाल्याने विचारलं. ती आत बसली. रिक्षा वळली, आणि पोरगी आता सुखरूप आहे, उद्या कुठंही जाणार नाही, या विचारासरशी नीरजाच्या छातीतून आपोआप एक लांब, मोकळा श्वास निघाला. तो श्वास तिला स्वतःलाच ऐकू आला, आणि तेव्हा मात्र ती तोंडाला पदर लावून रडायला लागली.